हातातला पीळ

माझ्या स्वभावात पीळ आहे, हे घरादारात सगळ्यांना ठाऊक होतं. तो माझ्या हातातही आहे, हे मात्र मला एका माळ्याने दाखवून दिलं. ते दाखवायला त्याला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे त्याची स्वतःची भाकरी पणाला लागलेली होती. आज त्या माणसाची आठवण आली की मला आधी त्याची मान दिसते. सदा खाली वाकलेली, जमिनीकडे बघणारी.

मी तेव्हा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई माझं गाव. तिथल्या आमच्या बौद्धवाड्यातून रेल्वेत लागलेला मी पहिलाच, त्यामुळे गावी गेलो की माझी मान जरा जास्तच ताठ असायची. कामाला मी चोख होतो. पण कुणी चूक काढली की डोकं भडकायचं. ‘ह्याला काय सांगायचं असंल तर आधी पाण्याचा तांब्या जवळ ठेवा,’ असं शेडमध्ये म्हणत. ते माझ्या कानावर यायचं आणि त्यानेही मी भडकायचो.

आता दौंडमध्ये गोल्फ म्हटलं की वाचणारा हसेल. हसू दे. मैदान होतं, मी त्यावर खेळलो आहे. रेल्वे कॉलनीच्या कडेला, दवाखान्याची भिंत आणि नदीकडचं पडीक रान यांच्या मधोमध इंग्रजांच्या काळापासूनचा एक मोकळा पट्टा होता. त्यात पाच होल. हिरवंगार लुसलुशीत गवत वगैरे काही नाही. पाऊसकाळात उगवेल ते गवत, उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली काळी माती. होलभोवती जिथं चेंडू गुळगुळीत घरंगळायला हवा, तिथं भीमेची बारीक वाळू इंजिनाच्या जळक्या तेलात कालवून पसरलेली असायची. साहेब लोक त्याला ‘ब्राऊन’ म्हणत. माळी त्याला ‘तवा’ म्हणायचा. पाच होल म्हणजे पाच तवे. ते तवे तो रोज सकाळी पोत्याच्या फडक्याने असे सारवून ठेवायचा की त्यांवरून चिमणी चालून गेली तरी तिची पावलं मोजता यावीत.

हा माळी इनामगावचा, साठीच्या आसपासचा. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणायचो. गावाकडे दीड एकर कोरडवाहू, तीही दोन भावांत. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, तिथे ते आणि त्यांची बायको राहत. माळ्याचं काम गेलं की खोलीही गेली, असा सरळ हिशेब होता.

मी मैदानावर पोचलो तो एका मोडक्या काठीमुळे. आमच्या मोठ्या साहेबांच्या एका क्लबचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, लोखंडी डोकं हलायला लागलं होतं. साहेब उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, खेळाचे वेडे. त्यांनी तो शेडमध्ये पाठवला आणि मी तो असा बसवून दिला की पुन्हा जन्मात हलू नये. साहेब खूश झाले. त्यांनी मला आपला एक जुना सात नंबरचा क्लब दिला आणि म्हणाले, ड्यूटी संपल्यावर येत जा. शेडमधला कामगार तिथे खेळायला जाणं ही नवलाचीच गोष्ट होती. तिथे एरवी साहेब, बाबू आणि डॉक्टर. मी छाती फुगवून गेलो.

पहिल्याच दिवशी माझा चेंडू उंच उडाला. असा की साहेबांच्या तोंडून वाहवा निघाली. मग तो हवेतच डावीकडे वळायला लागला, वळत वळत भिंतीच्या कडेच्या काटेरी झुडपात जाऊन पडला. साहेब म्हणाले, “तुम्हारे में हुक है.”

मी काठी उलटीसुलटी करून बघितली. शेडमध्ये हुक म्हणजे दोन डबे जोडायचा हुक, मला दुसरा हुक माहीत नव्हता. मी म्हणालो, “नाही साहेब, याला हुक नाहीये. बसवायचाय का? उद्या बसवून देतो.”

साहेब हसून हसून खाली बसले. चेंडू सरळ न जाता डाव्या अंगाला वाकून जातो, त्याला हुक म्हणतात, हे त्यांनी मग मला समजावलं. पण का वाकतो, हे त्यांनाही धड सांगता येईना. ते म्हणायचे, डोकं खाली ठेव, हात सैल ठेव, श्वास धर, श्वास सोड. मी सगळं करायचो. चेंडू जायचा तिथेच जायचा.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे इतरांना दोष द्यायला लागलो. काठी जुनी आहे. चेंडू एका बाजूने झिजलेला आहे. उभं राहायची जागाच तिरकी आहे. नाचता येईना अंगण वाकडं! आबा जवळच तवा सारवत असायचे, सगळं ऐकायचे. खेळून झालं की माझ्या हातातून काठी घ्यायचे, तिची माती ओल्या फडक्याने पुसायचे आणि परत द्यायचे. मग मी जिथे उभा होतो तिथे जाऊन खाली बघत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं काही पडलं असेल.

मीही माझ्या अकलेने उपाय शोधला होता. चेंडू डावीकडे जातो ना, मग उजवीकडे मारायचा. तिसऱ्या होलला डाव्या हाताला दवाखान्याची भिंत होती आणि उजव्या हाताला एक मोठा कडुनिंब. झेंडा मधोमध. मी झेंडा सोडून निंबाकडे तोंड करून मारायला लागलो. चेंडू निंबाच्या दिशेने निघायचा आणि मग आधीपेक्षा जास्त वाकडा होऊन भिंतीकडे यायचा. मी आणखी उजवीकडे तोंड करायचो. तो आणखी वाकायचा. आमचं दोघांचं असं वैर चाललं होतं.

शेवटी दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तो भिंतीपलीकडे गेला. काच फुटल्याचा आवाज आला. दवाखान्याच्या ओसरीत रांगेत बसलेल्या एका बाईच्या मांडीवरच्या लेकराच्या टोपड्यावर काचेचे तुकडे पडले होते, हे नंतर कळलं. लेकराला काही झालं नाही.

साहेब दवाखान्याच्याच बाजूला होते. पाच मिनिटांत ते फाटकातून तरातरा आत आले. त्या वेळी मैदानावर आम्ही दोघंच. काठी माझ्या हातात नव्हती. आबांनी ती नेहमीसारखी पुसायला घेतली होती.

“किसका बॉल था?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत आबा म्हणाले, “माझा, साहेब.”

“तुम्हारा? तुम कब से खेलने लगे?”

“कोनी नव्हतं. म्हनलं एक हानून बघावा. गेला तिकडं.”

साहेबांनी त्यांच्या हातातल्या काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघायला लागलो. साहेब म्हणाले, “सुनो आबा. डॉक्टर साहब को मैंने पहले ही लिखके दिया है कि बॉल उधर नहीं आएगा. अब एक भी बॉल उस पार गया, किसी का भी, तो ग्राउंड बंद और तुम्हारी छुट्टी. समझे?”

“व्हय साहेब,” आबा म्हणाले.

मी मूग गिळून उभा राहिलो. ज्याच्या तोंडाला एरवी कुलूप नाही, फोरमनला दहा माणसांत उलट बोलणारा मी, एका म्हाताऱ्याला माझी चूक अंगावर घेताना बघत राहिलो. साहेब निघून गेले. काठी पुसून आबांनी माझ्या हातात दिली आणि ते खोलीकडे गेले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “येरवी तुमचं त्वांड आवरता आवरत न्हाई. आज बरं आवरलं.” त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तिने वाढलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्या सुटल्या मी काठी घेऊन आबांच्या खोलीवर गेलो. “ही घ्या,” म्हणालो. “साहेबांना दिऊन टाका. मी आता येत न्हाई. मी आलो न्हाई तर चेंडू बी जायाचा न्हाई पलीकडं.”

आबांनी काठी घेतली नाही. “मग मी लबाड कशापायी बोललो?”

“तेच इचारतोय. कशापायी बोललात?”

ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, “तुमचं नाव निघालं असतं तर साहेबानं तुम्हाला भायेर काढलं असतं. आन् परत शेडातला मानूस त्यांनी हितं घेतला नसता. तुम्ही पयले हाय, फिटर. पयला भायेर गेला की मागल्यांना दार बंद हुतं.”

मी पहिला आहे, याचा मला नेहमी अभिमान वाटायचा. पहिल्याच्या मागे आणखी कुणी उभं असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मला तेव्हा रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

“आन् परत गेला तर?” मी विचारलं.

“तर मी घरी. म्हनून तो जाता कामा नये. या हिकडं.”

ते मला तिसऱ्या होलवर घेऊन गेले, जिथून मी मारत असे तिथे. त्यांनी गेल्या चार दिवसांतल्या माझ्या खुणा बुजवल्या नव्हत्या. लोखंडी काठीने चेंडू मारला की त्याच्यापुढची गवताची एक ढलपी उडते आणि मातीत बोटभर रुंद चर पडतो. तिथे असे आठ-दहा चर होते. आबा उकिडवे बसले आणि एका चरात बोट घालून म्हणाले, “ह्यो कुठं बघतो?”

मी बघितलं. चर सरळ निंबाकडे बघत होता.

“आन् चेंडू कुठं ग्येला?”

“भिंतीकडं.”

“मग? काठी चालली लिंबाकडं आन् तिचं त्वांड वळलंय भिंतीकडं. चेंडवानं जायाचं कुठं? त्यो निघतो लिंबाकडं आन् वळतो भिंतीकडं. जितकं तुम्ही लिंबाकडं हानता तितका त्यो जादा पीळ खातो. भिंतीला भिऊन तुम्ही भिंतीकडंच मारताय.”

मी आ वासून बघत राहिलो. इतके दिवस साहेब, मी, बाबू, आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. चेंडू कुठे जातो, चेंडू कुठे जातो. आणि हा माणूस, ज्याने जन्मात क्लब फिरवला नव्हता, तो खाली बघून सगळं वाचत होता.

“ह्ये शिकला कुठं, आबा?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. इनामगावला घोडनदीच्या काठी एक जुनं पांढरीचं टेकाड आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे गाव होतं. पुण्याच्या कॉलेजातली मंडळी हिवाळ्यात तिथे खोदकामाला येत. मैदानावर लागण्याआधी आबा दोन हिवाळे तिथे मजुरीला होते. टिकाव-फावड्याचं काम संपलं की त्यांना लहान खुरपी देऊन बसवत, कारण त्यांचा हात हलका होता. ते म्हणाले, “त्यांनी मला येक गोल काळा डाग दावला. म्हनले, हितं घराचा खांब हुता. खांब कवाच कुजून ग्येला. पर त्याचा डाग ऱ्हातो. हलक्या हातानं खरवडलं की दिसतो. तवापास्नं मला खाली बघायची सवय लागली.”

मग जरा मिश्कीलपणे म्हणाले, “साहेबाचा चर बी बघा. त्यो भिंतीकडं बघतो, आन् साहेबाचा चेंडू जातो लिंबाकडं. तुमच्या उलटा. साहेबाला सांगितलं न्हाई म्या.”

त्या दिवसापासून आम्ही तिसऱ्या होलकडे पाठ करून सराव करायला लागलो. तोंड नदीकडच्या पडीक रानाकडे, जिथे चेंडू गेला तरी फार तर एखादी घोरपड दचकली असती. आबांनी घायपाताची एक दोरी वळून आणली आणि ती जमिनीवर सरळ ताणून बांधली. म्हणाले, चेंडू इसरा. चर दोरीच्या बरोबरीनं पडला पायजे, बास. मी आठवडाभर नुसते चर पाडले. रोज संध्याकाळी शंभरेक. बायको म्हणायची, दिवसभर लोखंड आणि संध्याकाळी बी लोखंडच, तुम्हाला इंजिनानंच जेवायला वाढावं. पण तिने हे म्हणताना भाकरी गरम दिली, तेवढ्यावर मी खूश होतो.

आठवड्याने चर सरळ पडायला लागले. आणि चेंडू? चेंडू आता सरळ निघायचा, अर्ध्या वाटेवर जाऊन झप्पकन डावीकडे बुडी मारायचा. म्हणजे तिसऱ्या होलवर मारला असता तर आधीपेक्षा लवकर भिंतीपलीकडे गेला असता. मी काठी आपटली. फार जोरात आपटली. आबांनी ती उचलली, पुसली.

“येक गोष्ट ऱ्हायली,” ते म्हणाले. “शेवटी तुमचे हात कायतरी करत्यात. काय करत्यात त्ये मला दिसंना. भुईवर उमटत न्हाई.” त्यांना ते दिसत नाही, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. मला वाटलं, संपलं आता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी पुण्याहून पाहुणे खेळायला येणार होते. साहेबांच्या जोडीदाराची बदली झाली होती आणि त्याच्या जागी साहेबांनी माझं नाव घातलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

आबा दर शनिवारी तव्यांसाठी जळकं तेल न्यायला डबा घेऊन शेडमध्ये यायचे. त्या शनिवारीही आले. मी इंजिनाच्या एका मोठ्या बोल्टचा नट आवळत होतो. हातभर लांबीचा पाना, नट वरच्या तोंडाचा, मी दोन्ही पाय रोवून उभा, दोन्ही हातांनी पाना उजवीकडून डावीकडे ओढत होतो. तेलाचा डबा भरून झाला तरी आबा गेले नाहीत. माझं लक्ष गेलं तेव्हा ते डबा खाली ठेवून माझ्या मनगटांकडे टक लावून बघत होते.

“परत करा,” ते म्हणाले.

“काय परत करू?”

“ह्येच. दुसरा आवळा.”

मी दुसरा आवळला. त्यांनी तिसरा आवळायला लावला. मग विचारलं, “शेवटी काय क्येलं?”

“काय क्येलं? आवळला.”

“आवळून झाल्यावं.”

मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. आणि मला एकदम दिसलं. नट बसला की शेवटी एक हिसका. उजवा हात डाव्यावरून उलटा होतो, शरीर जागच्या जागी आणि फक्त मनगटं वळतात. मला माझ्या उस्तादाने पहिल्या महिन्यात शिकवलेलं होतं, की नट बसला असं वाटलं तरी वर एक पीळ द्यायचाच. इंजिन दिवसरात्र हादरतं, पीळ नसला तर नट सुटतो. मी आवळलेला नट कधी सुटला नव्हता. ती माझी शेडमधली इज्जत होती. तोच पीळ मी रोज संध्याकाळी चेंडूला देत होतो.

मला वाटलं होतं आबा म्हणतील, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तसं म्हणायला जागा होती, आणि शेडमधल्या कुणीही ते म्हटलंच असतं. आबा म्हणाले, “ह्यो पीळ वाईट न्हाई, फिटर. ह्या पिळावं गाड्या चालत्यात, मानसं घरी पोचत्यात. त्यो हितंच ठिवायचा. फाटकातनं भायेर पडताना संगं न्यायाचा न्हाई.”

माझ्या हातातल्या हुनराचा असा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता, आणि चूक दाखवताना तर नाहीच नाही. चूक काढली आणि मी भडकलो नाही, असं माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा झालं.

त्यानंतर जे केलं ते सांगायला सोपं आहे. आधी पकड. डाव्या हाताच्या बोटांची चारी हाडं मला वरून दिसायची, पान्याच्या पकडीसारखी. आबांनी ती दोनच दिसतील असा हात फिरवायला लावला. सुरुवातीला काठी हातातून निसटते आहे असं वाटायचं. मग पाय. मी शेडमधल्यासारखे पाय रोवून उभा राहायचो आणि अंग थांबलं की हात वळायचे. आबा म्हणाले, “पाभर चालली की पेरणारा मागं उभा ऱ्हातो का? त्यो बी चालतो. काठी पुढं ग्येली की तुमचं पोट बी झेंड्याकडं ग्येलं पायजे. पोट ग्येलं की हाताला पीळ द्यायला सवडच गावत न्हाई.”

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ना त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं होतं, ना ते वाचू शकले असते. मातीवरचे ओरखडे आणि एका फिटरची मनगटं, एवढ्यावरून त्यांनी ते जुळवलं होतं. मी पुढे नोकरीत मोठमोठे इंजिनियर बघितले. बिघाड शोधायला इतका वेळ शांत बसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

रविवार आला. पाहुणे मोटारीने आले, पांढऱ्याफेक पॅन्ट घातलेले. पहिले दोन होल बरे गेले. तिसऱ्यावर आलो. उजवीकडे निंब, डावीकडे भिंत, भिंतीपलीकडे ओसरीत बसलेल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. रविवारीही रांग होती. आबा झेंड्यापाशी न जाता माझ्या मागे चार पावलांवर येऊन उभे राहिले.

साहेबांनी पाहुण्यांना हसत सांगितलं, “यहाँ सँभलके. हमारे माली ने एक ही बॉल मारा और हॉस्पिटल की काँच तोड़ दी.”

पाहुणे मोठ्याने हसले. एकजण आबांना म्हणाला, “अरे, तुम तो चॅम्पियन निकले.” आबाही हसले. मान खाली घालून, कसनुसं. मी आबांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं, आणि ते हसू माझ्यामुळे होतं.

माझी बारी आली. मी निंबाकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं नाही. दोन हाडं मोजली. समोर मातीत नसलेली दोरी डोळ्यांपुढे आणली आणि मारला. पोट झेंड्याकडे गेलं. मनगटं गप्प राहिली.

चेंडू उठला आणि जात राहिला. मी वाट बघत होतो, आता वळेल, आता वळेल. तो वळला नाही. झेंड्याच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर टप्पा पडला आणि तव्यावर जाऊन थांबला. साहेबांनी टाळी वाजवली. पाहुण्यांनीही वाजवली. मी मागे वळून आबांकडे बघितलं. त्यांनी चेंडूकडे बघितलंच नव्हतं. ते उकिडवे बसून माझा चर बघत होते. बघून झाल्यावर उडालेली ढलपी त्यांनी हातात घेतली, जागेवर बसवली, टाचेने दाबली. आणि काही बोलले नाहीत.

मला ते लागलं. तीन आठवडे मान मोडून मेहनत केली, आणि एक शब्द नाही? माझं डोकं तापायला लागलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी बोलावं असं मी अजून काही केलेलंच नव्हतं.

“साहेब,” मी म्हणालो. “ती काच आबांनी नाही फोडली. तो चेंडू माझा होता. मी गप्प बसलो.”

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. आता हसणंही थांबलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, पाहुण्यांपुढे मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं. ते आबांकडे वळले. “आबा, ये सच है?”

आबांनी मान आणखी खाली घातली. साहेबांनी आम्हा दोघांकडे बघितलं. मग मला म्हणाले, “आज का गेम पूरा करो. कल से तीन महीने ग्राउंड पे दिखना मत.” आणि आबांना म्हणाले, “तुम्हारी छुट्टी वाली बात ख़त्म. काम करो अपना.”

तीन महिने, म्हणजे मागल्यांसाठी दार बंद झालं नव्हतं. पाहुणे आणि साहेब पुढे चालायला लागले. मी तिथेच उभा होतो. आबा जवळ आले, माझ्या हातातून काठी घेतली आणि खांद्यावरच्या ओल्या फडक्याने तिची माती पुसायला लागले. मान वर न करता म्हणाले, “आता ग्येला सरळ.”

आणि काठी माझ्या हातात दिली.